अंगणाची फरसबंदी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी पाककृती लिहिते, कोणी यात्रेचे वर्णन लिहिते, कोणी ओव्या जमवून देते. मी सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई. इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणून आहे. पण यंदा चिटणीसबाईंनी मला सोडले नाही. "मागच्या आवाराची चौकशी तुम्हीच केलीत, आता ती लिहूनही तुम्हीच द्या," असे त्या म्हणाल्या. म्हणून हे चार शब्द.

भगिनींना ठाऊकच आहे की, मंडळाच्या मागच्या आवारात फरसबंदी करून तिथे चुलीचा ओटा बांधण्याचे गेल्या सभेत ठरले. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक तिथेच शिजतो, पापडाची पिठे तिथेच कुटली जातात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोठी पातेली तिथेच चढतात. पंधरा-वीस घरी या कामातून चार पैसे जातात. आज मात्र तिथे अर्धी माती आणि अर्धे उखडलेले सिमेंट आहे. पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात चिकात धूळ उडते. काम करायला हवे यावर दुमत नव्हते. ते जुन्या वाड्याच्या चौकासारखे दिसावे, यावरही सर्वांचे एकमत झाले. पण दगड कोणता, यावर तीन मते पडली. तेव्हा आम्हा तिघींना चौकशी करायला नेमले.

आम्ही दुकाने पाहिली, जुने वाडे पाहिले, पाथरवटांना विचारले, वाचनालयातून पुस्तके आणून वाचली. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. राजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत पाठ करतो. पण आपल्या पायाखालच्या जमिनीलाही इतिहास आहे, आणि तो बहुतेक बायकांनीच सारवलेला, झाडलेला नि धुतलेला आहे. तो थोडक्यात सांगते. म्हणजे सभेत मत देताना उपयोगी पडेल.

पहिली जमीन अर्थात मातीची. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती तिथे निघाली. मातीची मोठी घरे आणि त्यांतल्या चुली सापडल्या. म्हणजे चोपलेली जमीन आणि त्यावर मांडलेली चूल ही जोडी आपल्याकडे किती जुनी आहे पाहा! त्या घरांतल्या बाईचे नाव आपल्याला कळणार नाही. पण पावसाळा संपला की जमीन पुन्हा चोपावी लागते, हे तिला आपल्याइतकेच ठाऊक असणार.

मातीची जमीन आपल्यापैकी अनेकींनी सारवलेली आहे. मुरूम पसरायचा, पाणी मारायचे, धुम्मसाने चोपायचे, मग पांढऱ्या मातीचा हात आणि वर शेणाचे सारवण. अशी जमीन उन्हाळ्यात थंड राहते. तीवर बाळ पडले तर लागत नाही. मोडली तर घरच्या घरी दुरुस्त होते, गवंड्याची वाट पाहावी लागत नाही. दोष एकच. पाण्यापुढे तिचे काही चालत नाही. जिथे पागोळ्या पडतात, जिथे भांडी घासतात, जिथे न्हाणीचे पाणी वाहते, तिथे माती वाहून जाते आणि हळूहळू भिंतीचा पायाच उघडा पडतो. म्हणून ज्यांना शक्य होते त्यांनी प्रथम दगड घातला तो सबंध अंगणात नव्हे, तर पागोळीखाली, मोरीत आणि उंबऱ्यापुढे. जुन्या घरांत आजही हे पाहायला मिळते. पागोळीखालच्या दगडाला ओळीने लहान लहान खळगे पडलेले असतात. ते कोणी कोरलेले नाहीत, थेंबाथेंबाने पडलेले आहेत.

दगड घालायचा तर तो जवळचाच. आपल्या घाटमाथ्यावर आणि देशावर तो काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, थरावर थर साचले आणि ते निवून हा दगड झाला, असे शास्त्रज्ञ सांगतात. पाथरवट लोक याला काळवत्री म्हणतात. तो अतिशय कठीण असतो. त्याचे पातळ पापुद्रे निघत नाहीत. घणाने फोडून, सुतकी आणि छिन्नीने घडवून एकेक चिरा तयार करावा लागतो. त्यामुळे पूर्वीही तो स्वस्त नव्हता. पण एकदा बसवला की पिढ्यान्‌पिढ्या पाहायला नको.

आपल्या वाईचे सात घाट याच दगडाचे आहेत. दरवर्षी कृष्णामाईचे पाणी त्यांवरून जाते, गाळ बसतो, बायका धुणी आपटतात, उत्सवात हजारो पाय फिरतात. तरी पायऱ्या जाग्यावर आहेत. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, ती पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे, तिथेही हाच दगड आणि हीच रीत. पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, याचा विचार आधी आणि शोभेचा विचार मागून.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्या वेळी १६,११० रुपये खर्च आला असे सांगतात. सागवान जुन्नरच्या रानातून आणले, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीच्या बाजूचा. पेशव्यांच्या वाड्यालाही सामान आजूबाजूच्या मुलखातलेच होते. पुढे १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती. लाकडाचे मजले, महिरपी, चित्रे, सगळे गेले. आज आपण तिकीट काढून आत जातो तेव्हा काय पाहतो? तटबंदी, दगडी जोती, चौकांच्या खुणा आणि कारंज्यांचे हौद. माणूस जिथे चालला तेवढी जमीन राहिली.

या वाड्यांच्या चौकांत दगड कसे बसवत, ते एका वृद्ध पाथरवटबाबांनी आम्हाला बसून समजावले. खाली मुरूम आणि खडी चोपून घेत. वर घाणीत मळलेला चुना. त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत. दगडाचा वरचा तोंडवळा टाकीने बारीक खडबडीत ठेवत. चौकाला उतार असा देत की डोळ्याला दिसू नये, पण पाण्याला कळावा. आजच्या हिशेबाने सांगायचे तर ६ फुटांस १ इंच. "ताई, टाकी मारलेला दगड पाय धरतो," असे बाबा म्हणाले. आपल्या जात्याला आणि पाट्याला टाकी लावायला दारोदार बाया येत असत, हे वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. तीच टाकी, तेच काम. जात्यात ती दाणा धरते, चौकात पाय धरते.

हे काम करणारे लोक म्हणजे पाथरवट आणि वडार. वडारांत माती वडार, गाडी वडार अशा कामावरून पडलेल्या शाखा आहेत. नवऱ्याबरोबर बाईही खाणीत राबे, डोक्यावर पाट्या वाही. घाट बांधणाऱ्या सरदारांची नावे आपण घेतो. चिरे घडवणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, म्हणून निदान जातीच्या आणि कामाच्या नावाने तरी त्यांची आठवण इथे करते.

घाटाखाली कोकणात उतरले की दगड बदलतो. तिथे जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की तो कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रज अमदानीतील एका डॉक्टराने १८०७ साली छापलेल्या ग्रंथात या दगडाला लॅटेराइट असे नाव दिले. लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून ते घेतले आहे. नाव चांगलेच शोभते, कारण रंगाने आणि उपयोगाने तो विटेसारखाच. तो पाणी पितो, त्यामुळे पावसाळ्यात त्यावर हिरवे शेवाळ धरते. कोकणात म्हणूनच अंगण मातीचे चोपून ठेवतात, आणि जांभा भिंतीला, गडग्याला नि पायऱ्यांना वापरतात. जांभ्याची फरशी आता दुकानांत मिळते. रंग फार सुरेख, पण आपल्या आवारात तेलाचा आणि चिकाचा डाग पडला की ती तो सोडणार नाही.

यानंतर आली आगगाडी, आणि अंगणाचा इतिहासच बदलला. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली आणि १८७१ साली रायचूरला मद्रासकडच्या लोहमार्गाला मिळाली. या वाटेवर गुलबर्ग्यापुढे शहाबाद आहे. तेव्हा तो निजामाचा मुलूख होता. आज ते कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात येते. तिथला दगड करड्या रंगाचा, चुनखडीच्या जातीचा आणि थराथराचा. छिन्नी घातली की पानासारखी फरशी सुटते. काळ्या दगडाच्या एका चिऱ्याला जितके घाव लागतात, तितक्यात शहाबादीच्या कितीतरी लाद्या निघतात. वाघिणी भरून ही फरशी येऊ लागली आणि पेशवाईत जी गोष्ट सरदाराच्या चौकात होती, ती मास्तरच्या आणि दुकानदाराच्या पडवीत आली. रोजच्या सारवणातून बायकांची सुटका झाली ती इथे. शहाबादीला कोणी कमी लेखू नये. आपल्या आयांच्या पाठी तिने वाचवल्या आहेत.

त्याच जातीचा काळा दगड आंध्रातून आला. कडप्पा जिल्ह्यावरून त्याला आपण कडाप्पा म्हणतो. स्वयंपाकघरातला बसायचा ओटा जाऊन उभ्याचा ओटा आला, तेव्हा त्यावर हाच चढला. मग राजस्थानातून हिरवट कोटा आला. इकडे १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. १९२२ साली मुंबईच्या सिधवा कुटुंबाने भारत टाइल्सचा धंदा काढला आणि परदेशी लाद्यांच्या तोडीच्या रंगीत नक्षीच्या लाद्या इथे घडवून दाखवल्या. स्वदेशीच्या दिवसांत ही मोठी अभिमानाची गोष्ट होती. जुन्या चाळींत आणि बंगल्यांत त्या लाद्या अजून टिकून आहेत.

आता आपल्या काळाकडे येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे अनेक वाडे बसले. पुढे ठिकठिकाणी जुने वाडे पाडून इमारती उठल्या. आपल्याकडेही तेच झाले. वाडा पाडला की लाकूड आधी विकले जाई. तुळया, खांब, दारे यांना गिऱ्हाईक असे. दगडाला कोणी विचारत नसे. तो डबर म्हणून पायाभरणीत जाई.

इथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आमच्या घरामागे लहानसे परसू होते. त्यात काळ्या दगडांची ओबडधोबड फरसबंदी होती. एका दगडाला खळगी होती. सासूबाई त्यात आवळे, बिब्बे, सुपारी फोडत. २००८ साली घराची दुरुस्ती निघाली. मला ते दगड नकोसे झाले होते. सांध्यांत गवत उगवे, खराटा अडके, पाहुण्यांपुढे लाज वाटे. मी यजमानांच्या मागे लागून ते काढवले आणि चकचकीत लाद्या बसवल्या. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, पावसाचं पाणी कुठं जाणार?" मी म्हणाले, "आई, पुसून घेऊ." दगड ट्रॅक्टरमध्ये भरून गेले. त्यांचे आम्ही काही घेतले नाही. उलट वाहतुकीचे दिले.

पुढच्याच आषाढात सासूबाई सकाळी घागर घेऊन मागे गेल्या आणि त्या लाद्यांवरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. दवाखाना झाला, तीन महिने अंथरूण झाले, आणि त्यानंतर त्या काठीशिवाय चालल्या नाहीत. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. लादी वाईट होती असे मी म्हणत नाही. ती खोलीतली लादी होती, मी ती उघड्या पावसात घातली.

काही वर्षांनी पसरणी घाटाच्या बाजूला एका बंगल्यावर पुरणपोळ्यांची मागणी होती, म्हणून मी गेले. मागे बागेत नवीनच बांधलेली उघडी पाकशाळा होती, आणि खाली जुन्या काळ्या दगडांची फरसबंदी. घरच्या बाई हौसेने सांगत होत्या की, असे झिजलेले दगड आता मिळत नाहीत, मुद्दाम शोधून, पैसे मोजून आणले. चुलीजवळच्या एका दगडाला खळगी होती. माझ्या छातीत धस्स झाले. तो आमचाच होता की नाही, मी शपथेवर सांगू शकत नाही. मी पोळ्या मोजून दिल्या आणि घरी आले. सासूबाईंना सांगितले. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग विचारले, "तिथं तरी उतार नीट दिलाय का गं?" मी पाहिलेच नव्हते.

म्हणून या खेपेला मी उतार पाहूनच दगडाचा विचार करते आहे.

आता चुलीविषयी. आपल्या आयांची चूल घरात होती आणि धूर त्यांच्या डोळ्यांत होता. वर्ध्याच्या मगनवाडीत सुधारलेली मगनचूल तयार झाली. हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. १९५० नंतरच्या दशकात मुंबईत गॅसच्या टाक्या येऊ लागल्या, आणि २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू होऊन खेड्यापाड्यांत जोडण्या गेल्या. चूल घरातून बाहेर पडली हे फार चांगले झाले. आता श्रीमंत लोक हौसेने अंगणात चूल मांडतात. आपल्याला ती हौस म्हणून नको, कामासाठी हवी. चिकाचे मोठे पातेले गॅसवर परवडत नाही.

पण चुलीखाली कोणताही दगड चालत नाही. शहाबादी, कडाप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे. चुनखडी भट्टीत भाजूनच तर चुना करतात. चुलीची आच भट्टीइतकी नसते, पण रोजच्या तापण्या-निवण्याने अशी फरशी तडकते, तिचे पापुद्रे सुटतात. नदीतले गोटे तर विस्तवाजवळ मुळीच मांडू नयेत. आत पाणी मुरलेले असले तर वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. चुलीला वीट आणि माती हीच खरी. चिकण माती, भाताचा तूस आणि शेण मळून केलेली चूल तडकली तरी हाताने लिंपता येते. कडाप्पा ओट्याला उत्तम, पण आचेपासून दोन हात दूर, आणि त्यावर लिंबू, चिंच, ताक सांडले तर लगेच पुसावे. आंबटाने त्याची चकाकी जाते.

दगड ओळखायची घरगुती रीतही हीच. दगडावर जरा ओरखडा काढून लिंबाचे दोन थेंब टाकावेत. चुनखडीच्या दगडावर बारीक फेस येतो. काळवत्रीवर काही होत नाही. दुसरी परीक्षा मडके घेताना आपण करतो तीच. टिचकी किंवा लहान हातोडी मारावी. खणखणीत वाजला तर दगड निर्दोष. बद्द वाजला तर आत तडा आहे. आणि तिसरी, दगडावर पाणी ओतून त्यावर अनवाणी उभे राहावे. दुकानदार हसतो. हसू द्यावे.

दुकानांत आता जुने दिसणारे नवे दगड पुष्कळ आहेत. काही पिंपात फिरवून त्यांच्या कडा झिजवतात, काहींवर यंत्राने ब्रश फिरवून खडबडीतपणा आणतात, काही तर सिमेंटचेच साच्यात घातलेले ठोकळे असतात. हे ठोकळे दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडात विटांच्या रस्त्यांच्या जागी आले आणि आता आपल्या गल्लीपर्यंत पोचले आहेत. त्यांत एक गुण आहे. वाळूवर बसवतात, त्यामुळे सांध्यांतून पाणी मुरते आणि एखादा फुटला तर तेवढाच बदलता येतो. पण जुन्या चौकाचा तोंडवळा त्यांना येत नाही, आणि चिकाचे डाग त्यांत खोल जातात.

राजस्थानचा वालुकाश्म फार सुंदर दिसतो. लाल, पिवळा, पाण्याच्या लाटेसारखा. परदेशांतील बागांतही तो मोठ्या प्रमाणावर जातो. बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुरा भागात बायका-मुले दाराशी बसून छिन्नीने त्याचे चौकोनी ठोकळे फोडतात, असे पाहणीत आढळून आले होते. या दगडाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस नावाचा दुखणेकरी रोग होतो. तो बरा होत नाही. राजस्थान सरकारला २०१९ साली या रोगासाठी स्वतंत्र धोरण करावे लागले. धूळ काळ्या दगडाचीही वाईटच, हे मी मान्य करते. म्हणून आपले काम करणाऱ्यांना टाकी मारताना दगड ओला ठेवायला सांगावे, तोंडाला चांगला मुखवटा मंडळाच्या खर्चाने द्यावा, अशी माझी सूचना आहे. खर्चाच्या अंदाजात ती रक्कम धरली आहे.

आता आम्हा तिघींची शिफारस. आवाराच्या पूर्व कोपऱ्यात माती उकरून पाहिली तेव्हा खाली जुने काळे दगड लागले. आम्ही मोजले ते ४० भरले, आणखीही असतील. ते आधी वर काढावेत. एकही डबरात जाऊ देऊ नये. जिथे पाणी सांडते आणि जिथे आपण ओझे घेऊन चालतो, तिथे, म्हणजे नळापासून चुलीपर्यंत, ते टाकी मारून बसवावेत. उरलेल्या जागी खडबडीत शहाबादी घ्यावी, दीड इंच जाडीची. घोटलेली घेऊ नये. चूल विटा-मातीची, भोवती काळ्या दगडाचा पट्टा. पातेले उतरवून ठेवायला चुलीच्या उंचीचा एक चौथरा, म्हणजे दोघींना ते उचलून दूर न्यावे लागणार नाही. ओट्याला कडाप्पा, आचेपासून दूर. उतार नळाकडून केळीच्या आळ्याकडे, ६ फुटांस १ इंच. आणि तुळशीभोवतीची चार हात जागा मातीचीच ठेवावी. सडा घालायला आणि रांगोळीला ती लागते, आणि सारवायचे कसे ते नव्या मुलींना दाखवायलाही.

एक अडचण लपवत नाही. काळा दगड उन्हात फार तापतो. वाड्याच्या चौकाला चारी बाजूंनी सोप्यांची सावली असे, आपल्या आवाराला नाही. म्हणून पश्चिमेला मांडव घालून वेल चढवावा लागेल. आणि टाकीचे काम हाताचे, त्यामुळे मजुरी जास्त पडेल. सगळे एका वर्षात झेपत नसेल तर यंदा नळापासून चुलीपर्यंतचे करावे आणि बाकीचे पुढच्या वर्षी. जुन्या लोकांनीही पागोळीखालचाच दगड आधी घातला होता.

नवे काम पहिल्या दिवशी जुने दिसणार नाही. दगडाच्या कडा टवटवीत असतील, चुन्याचे सांधे पांढरे दिसतील. कोणी म्हणेल, एवढा खर्च करून वाड्यासारखे झाले नाहीच. त्यांना सांगावे, दहा उन्हाळे चीक शिजू द्या, पावसाळे जाऊ द्या, आपल्या सर्वांचे पाय फिरू द्या. मग ते आपोआप तसे होईल.

सासूबाई आता सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. पहिल्या कुरडयांच्या दिवशी त्यांना आवारात आणायचे आहे. त्या काठी टेकत नळापासून चुलीपर्यंत चालून जातील, आणि उतार नीट आहे की नाही ते त्याच सांगतील. सभेत सर्व भगिनींनी अवश्य हजर राहून मत द्यावे. लिहिण्यात काही उणेअधिक झाले असेल तर लहान बहीण समजून सांभाळून घ्यावे, ही विनंती.